शकूचं दुखणं आणि जिजाबायची सोबत

साजगावात शकूचं पोटाचं दुखणं सगळ्यांत आधी कळलं ते तिच्या थोरल्या जावेला, जिजाला. शकूनं ते शिमग्यापासून लपवलं होतं. पण घरात संडास नाही, आणि दिवसातून कितीदा तरी शेताकडे पळावं लागायचं, तिथं किती लपणार? एक्याऐंशी साल होतं. गावातल्या बायका उजाडायच्या आत जाऊन यायच्या. भर दिवसा, लोकांच्या देखत जायचं म्हणजे शकूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. श्रावणात एकदा ती पडवीत रडताना दिसली. जिजानं हातांचं पीठ झटकलं, टमरेल उचललं नि म्हणाली, "चल गं, मी हाय."

त्या दिवसापासून जिजा दर वेळी सोबत जायची. बांधावर पाठ करून उभी राहायची आणि कुणी माणूस येताना दिसला की मोठ्यानं खाकरायची. शौचातून रक्त पडतं हे शकूच्या नवऱ्याला, गजाला, जिजानंच सांगितलं.

खोपोलीच्या डॉक्टरांनी आवेचं औषध देऊन पाहिलं. गुण येईना तेव्हा त्यांनीच मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. गजाला कारखान्यातून रजा मिळाली नाही, म्हणून जिजाच शकूला घेऊन गेली. नळी घालून तपासल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा आहेत. दुखणं चिवट आहे, पण ताब्यात राहतं." मग त्यांनी शकूच्या हिरड्या पाहिल्या. त्यांतूनही रक्त येत होतं. "जेवता काय?"

"पेज," शकू म्हणाली. "दुसरं कायबी खायाची भीती वाटते."

भाजी, फळ कित्येक महिन्यांत तिच्या पोटात गेलं नव्हतं. बाईंनी मोठ्या पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या, आणि जोडीला क आणि ई जीवनसत्त्वाच्या.

क जीवनसत्त्वाची गोळी आंबटगोड होती, शकू ती चघळून खायची. महिन्याभरात हिरड्या सुधारल्या, शौचातलं रक्तही थांबलं, अंगात जीव आला. पिवळ्या गोळीनं मात्र मळमळायचं. गुण आंबट गोळीचाच, असं शकूनं धरलं, आणि पिवळ्या गुपचूप बंद केल्या.

दिवाळीच्या तोंडावर रक्त पुन्हा सुरू झालं. शकूनं रडत रडत जिजाला सगळं सांगितलं. आता ही चांगली झाडणार, असं तिला वाटलं.

"मळमळतं ते मला आधी सांगायचं ना गं," जिजा एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोघी परत मुंबईला गेल्या.

डॉक्टरीणबाईही रागावल्या नाहीत. "जीवनसत्त्वांनी तुमच्या अंगातली उणीव भरून निघाली," त्या म्हणाल्या. "आतड्याच्या जखमांनाही त्यांचा थोडा उपयोग होत असेल, पण ते आम्हालाही अजून पक्कं ठाऊक नाही. सूज उतरते ती पिवळ्या गोळीनं. एकीचं काम दुसरी करत नाही. पिवळी जेवल्यावर घ्या, थोडीपासून सुरू करा, मळमळ कमी होईल."

तसंच झालं. माघापर्यंत रक्त थांबलं. उन्हाळ्यात गजा आणि थोरला भाऊ पदू यांनी मिळून परसात संडास बांधला.

वैशाखात जिजाच्या मुलीचं, मैनाचं, मोहोपाड्यात लग्न ठरलं. हळद दळताना जात्यापाशी दोघीच होत्या. शकूच्या मनात कधीपासूनचं साचलेलं होतं, ते ओठांवर आलं.

"जिजाबाय, माजी आई असती तरी तिनं एवढं केलं नसतं."

"असं बोलू नको. आईनं केलंच असतं," जिजा म्हणाली. मग हसली. "आणि खरं सांगू? शेताकडे जाताना मला पण बरं वाटायचं गं. कामातून सुटून तेवढंच दोघी बोलायचो."

शकूला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं जिजाचा हळदीनं पिवळा झालेला हात क्षणभर घट्ट धरला. जिजानंही तो सोडवून घेतला नाही.

लग्नाच्या दिवशी शकू पंगतीत बसली, आणि डॉक्टरीणबाईंनी चालेल म्हटलेलं सगळं, भीत भीत का होईना, पोटभर जेवली.