रोज उतरणारी बॅटरी

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर माणसांना एकच विचारायचं, आधीचं बरं दिसत होतं की आत्ताचं? निम्मी माणसं खोटं बोलतात. मला वाईट वाटू नये म्हणून 'आत्ताचं' म्हणतात आणि आठवड्याने भांडायला येतात. त्यामुळे घरी गेल्यावर मला कोणी काही विचारू नये आणि मीही कोणाला काही विचारू नये, एवढीच माझी मागणी असते. ती पुरी होत नाही. घरात आई आहे आणि आईजवळ वाटी आहे.

आई पडली, कंबर मोडली आणि अंथरुणाला खिळली. हाका मारून तिचा घसा बसायला लागला, तेव्हा बायकोनेच तिला स्टीलची वाटी आणि चमचा दिला. काही लागलं तर वाजवा म्हणाली. आपल्या हातांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. आई पाण्यासाठी वाजवते, उशी सरकली म्हणून वाजवते. खिडकी उघडी आहे म्हणून वाजवते, बंद केली की बंद का केली म्हणून वाजवते. कधी कधी तर नुसतं कोणी येतं का ते बघायला वाजवते. तिला एकटीला भीती वाटते, हे मला कळतं. पण कळून काय करायचं? वाटी वाजायची थांबत नाही. मुलगी लग्न होऊन लांब गेली, तेव्हा उठून जायला घरात आम्ही दोघंच, आणि खरं सांगायचं तर एकटी बायकोच.

मी एक जुनी गाडी विकत घेतली, त्याचं खरं कारण कोणालाही सांगितलं नाही. एका सर्जनच्या विधवा बायकोला चष्मा नेऊन द्यायचा होता. तिच्या पोर्चमध्ये डॉक्टरांची गाडी उभी होती, लांबलचक, गडद हिरवी, एके काळी रस्त्यावरून गेली तर लोक माना वळवून बघायचे अशातली. डॉक्टर गेल्यापासून ती हललीच नव्हती. चारी टायर बसले होते, बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटला होता. विकायची आहे, पण कोणी बघायलासुद्धा येत नाही, असं बाई म्हणाल्या. बसून तरी बघा म्हणाल्या. मी सभ्यपणा म्हणून बसलो आणि दार ओढून घेतलं.

बाहेर शेजारच्या घरात कोणीतरी मशीनवर फरशी कापत होतं, दात शिवशिवतील असा आवाज. दार लागलं आणि तो गेला. कमी झाला नाही, गेलाच. आत जुन्या कातड्याचा वास, समोर लाकडी पट्टी, आणि शांतता. कोणीतरी मागून येऊन माझ्या कानांवर हात ठेवावेत तसं वाटलं. बाई काचेपलीकडे काहीतरी बोलत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी बाहेर आलो तो गाडी घेतो असं सांगतच. भंगाराच्याच भावात मिळाली.

टेम्पोला बांधून ती घरी आली तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. मागची पत्र्याची शेड तिची कपडे वाळत घालायची जागा. तिथे ही राणी जाऊन बसली. बायको पुष्कळ वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." नंतर दोरी सोडून अंगणात बांधायला लागली. मी तिला शब्द दिला की उन्हाळा संपेपर्यंत गाडी चालू झाली नाही तर भंगारवाल्याला देऊन टाकीन. शब्द दिला खरा, पण मला ती चालायला नकोच होती. मला तिच्यात बसायचं होतं. पण बंद गाडीत रोज जाऊन बसणाऱ्या माणसाला लोक वेडा म्हणतात, आणि गाडी दुरुस्त करणाऱ्याला हौशी.

दुरुस्तीला झटका यायचा. तो गाड्यांचा वायरमन. त्याचं खरं नाव त्यालाही विचार करून सांगावं लागत असेल. सुट्टीच्या दिवशी तो येई, उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदली, टाकीतलं कुजलेलं पेट्रोल काढी, पंप खोली, आणि सगळा वेळ गाडी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. बाकीच्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच शेडमध्ये जाई. हातात पाना असे. पाना मांडीवर ठेवून मी दार लावून बसे. काचा दुहेरी होत्या. वाटी ऐकू येत नसे.

नवी बॅटरी बसली त्या दिवशी मी बायकोला मुद्दाम बोलावून सीट दाखवली. दारावर तीन बटणं होती. आपल्याला हवी तशी सीट लावायची आणि एक बटण दाबून धरायचं, मग कोणी ती कितीही हलवली तरी ते बटण दाबलं की सीट परत आपल्या जागेवर. एक नंबरवर अजून डॉक्टरांची जागा होती, दोन आणि तीन दाबले तर काहीच हलत नव्हतं. बाई कधी चालवायला बसल्याच नव्हत्या. मी डॉक्टरांची जागा पुसून तिथे माझी बसवली. शाळेतल्या पोराने नवं दप्तर दाखवावं तसा मी ते करत होतो. मला काय करायचंय त्याचं, असं बायको म्हणाली. तेवढ्यात वाटी वाजली आणि ती गेली.

गाडी चालू झाली ती भर उन्हाळ्यात, एका सकाळी. खोकली, धूर ओकली आणि मग अशी काही गुरगुरायला लागली की झटकाही गप्प बसला. बायको दारात आली. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिने विचारलं, "म्हणजे आता ही बाहेर जाणार?" मी म्हटलं, बाहेर नाही तर काय, तुला फिरवून आणतो की. आईंना कोण बघणार, असं म्हणून ती आत गेली. तिचा चेहरा पडला होता, ते मी पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चावी फिरवली तर नुसतं टिक टिक. बॅटरी उतरलेली. रात्रभर चार्जरला लावली, सकाळी झोकात चालू झाली, संध्याकाळी पुन्हा मढं. हे रोजचंच झालं. करंट कुठेतरी गळतोय, असं झटका म्हणाला. त्याने मीटर लावला, गळती नाही. एकेक फ्यूज काढून पाहिला, गळती नाही. डिकीतला दिवा जळत राहत असेल म्हणून एकदा तो स्वतः डिकीत झोपला आणि मला झाकण लावायला सांगितलं. दिवा विझत होता. मग बॅटरीची वायर रात्री काढून ठेवायची आणि सकाळी जोडायची असं ठरलं. आम्ही रात्रीचा पहारा देत बसलो आणि बॅटरी उतरतच राहिली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, एवढं दोघांनाही कळत होतं. कुत्रं सापडत नव्हतं.

त्याच दिवसांत आईने एक नवं टुमणं काढलं. दुपारी कोणी येत नाही म्हणायची. वाजवून वाजवून हात दुखतो रे, पण कोणी येत नाही. म्हातारपणी वेळेचं भान सुटतं, मी मनावर घेतलं नाही. उलट जेवताना बायकोला हसत सांगितलं की तुझ्याविरुद्ध तक्रार आहे बरं का. ती भाजी ढवळत राहिली, वर बघितलं नाही. तशी ती हल्ली बरी वागत होती. गाडीवरून टोमणे नाहीत, कपड्यांच्या दोरीचं नाव नाही. उन्हाळा संपला तेव्हा मीच हात टेकले आणि म्हटलं, दिला शब्द पाळतो, भंगारवाल्याला बोलावतो. तर ती म्हणाली, "राहू दे अजून थोडे दिवस." म्हटलं चला, हिलाही हौस लागली.

झटक्याने शेवटचा उपाय म्हणून सीटच्या मोटरवर संशय घेतला. या गाड्यांच्या सीटचं डोकं कधी कधी झोपतच नाही, बंद गाडीतही करंट पीत राहतं म्हणाला, मला आत बसवलं आणि बाहेरून बटणं दाबायला लागला. एक दाबलं, सीट जागची हलली नाही, कारण ती माझ्याच जागेवर होती. मग त्याने दोन दाबलं.

सीट हलली. हळूहळू पुढे सरकत गेली, माझे गुडघे लाकडी पट्टीला टेकले. मग खाली बसली. मग पाठ मागे झुकायला लागली आणि झुकतच राहिली, मी जवळजवळ आडवा झालो. छताच्या काचेतून शेडचा पत्रा दिसत होता आणि पत्र्याला पडलेल्या भोकातून आलेला उजेडाचा ठिपका. डॉक्टरांची बायको अशी पसरून बसत असणार, झटका हसत म्हणाला. पण दोन नंबरवर तर काहीच नव्हतं. बाई माझ्यापेक्षा उंच होत्या. ही जागा माझ्या खांद्याला लागणाऱ्या बाईची होती. उशीला आईच्या पाठीला चोळायच्या मलमाचा वास येत होता, आणि ते मलम मी कधीच चोळलेलं नाही.

मग सगळं एकदमच जुळत गेलं. दुपारी ऊन तापलेलं, काचा बंद, मग पंख्यासाठी चावी एक खाच फिरवायची. पंखा तासभर चालला की जुन्या गाडीच्या बॅटरीत काय राहणार? उठताना एक नंबर दाबायचं, म्हणजे सीट माझ्या जागेवर. चावी परत स्वयंपाकघराच्या खिळ्याला. आणि आत आई वाजवत असणार, हात दुखेपर्यंत. मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. आपली आई तहानेली पडलीय आणि ही इथे पाय पसरून! तो राग मी धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण तो टिकेना. रोज संध्याकाळी मी काय करत होतो? माझ्या वेळी आई वाजवायची तेव्हा निदान कोणीतरी उठत होतं.

साहेब, सापडलं का काही, असं झटका विचारत होता. मी नाही म्हटलं. सीटचा फ्यूज काढून टाकू का म्हणाला, तर मी असा खेकसलो की तो मीटर गुंडाळून निघूनच गेला.

आमचं दुकान दुपारी बंद असतं. जेवण झालं की मी डोळे तपासायच्या खुर्चीत झोप काढतो, संध्याकाळी पुन्हा उघडतो. दुपारी घरी यायला घर लांब पडतं, असं मी आई पडल्यापासून सांगत आलो आहे. लांब नाही. त्या दुपारी मी कुलूप घातलं आणि चालत घरी आलो.

वाटी फाटकापासूनच ऐकू येत होती. मी आधी शेडमध्ये डोकावलो. ती सीटवर आडवी होती, तोंड उघडं, एक हात खाली लोंबत होता. इतकी गाढ झोप तिला लागलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. ती म्हातारी दिसत होती. मी तसाच मागे फिरलो आणि आत गेलो.

आईने मला बघून चमचा खाली ठेवला. तू कसा आलास, ती कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, झोपलीय. आईला पाणी हवं होतं. पाणी झाल्यावर कुशीवर वळायचं होतं. मला वळवता येईना, कुठे धरायचं तेच कळेना, आई कण्हली आणि मग तीच मला सांगायला लागली की हात कमरेखाली घाल, ओढू नकोस, उचल. वळवून झाल्यावर पुन्हा पाणी. मग खिडकी. माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि दुपार संपता संपत नव्हती.

बायको धावत आली ती पदराने तोंड पुसत, चावी हातातच. मला आईच्या उशाशी बघून उंबऱ्यात थबकली. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला तिचा, आणि तो बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "जा, पड अजून थोडा वेळ. मी आहे."

ती हलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कोरडाच होता. "आज आहात," ती म्हणाली. "उद्या?"

मी उद्याही येईन म्हटलं, पण ते तिला पटल्यासारखं दिसलं नाही. तिने माझ्या हातातला पेला घेतला, आईची उशी एका झटक्यात सरळ केली, आणि चावी खिळ्याला लावून टाकली. रात्री मी चार्जर बॅटरीला जोडला आणि त्याची वायर घरातून शेडपर्यंत कायमचीच ओढून ठेवली, दुपारी पंखा चालावा म्हणून. गाडी आता बाहेर जाणार नव्हती. झटक्याला काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करायच्या वेळी एक गिऱ्हाईक आलं. त्याला आधीचंही बरं दिसत नव्हतं आणि आत्ताचंही. मी घरी पोचलो तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पायात चपला, हातात चावी, डोळे फाटकाकडे.

"उशीर केलात," ती म्हणाली, आणि माझ्या बाजूने निघून शेडमध्ये गेली.

गाडीचं दार लागल्याचा तो जड, मऊ आवाज आला. आत वाटी वाजायला लागली होती. मी चपला काढल्या आणि आईकडे गेलो.