दोन आखूड शिट्ट्या

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, भीती वाटली की माणसांच्या पोटात गोळा येतो म्हणे. माझ्या पोटात तर बुचाची गोळी कारखान्यातच घातली होती, त्यामुळे भित्रेपणा माझ्या जन्माचाच समजा.

माझ्यासोबत एका खोक्यात शंभर जणी होत्या. कुणी खेळाच्या मास्तरांकडे गेली, कुणी वाहतूक पोलिसाकडे. मी एका सैनिकी तुकडीच्या तरुण नायकाच्या गळ्यात पडले. आज गल्लीत सगळे त्यांना मेजर म्हणतात. मेजर ते कधीच नव्हते, पण फुकटची बढती कोण नाकारतो?

तुकडीतला नियम साधा होता. एक लांब शिट्टी म्हणजे पुढे. दोन आखूड म्हणजे परत. सरावाच्या मैदानावर माझा आवाज टेकडीपलीकडे ऐकू जाई आणि वरिष्ठ माझी तारीफ करत. मीही अगदी फुशारून गेले होते.

मग खरी लढाई आली. चिखलाने भरलेल्या चरातून मेजरांनी मला लांब फुंकलं आणि अकरा जण चढ चढू लागले. पाचच मिनिटांत निरोप आला, त्यांना मागे बोलवा. मधल्या वेळात वरून तोफा सुरू झाल्या होत्या, मेजरांनी जमिनीवर अंग टाकलं होतं आणि मी चिखलात पुरती बुडाले होते. त्यांनी मला फुंकलं. पुन्हा फुंकलं. माझी गोळी अडकली होती, नुसतीच फुसफुस निघाली. ते घसा फोडून ओरडले, पण त्या गदारोळात कोण ऐकणार? अकरांपैकी चौघे परत आले.

तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्याही आधी, मेजर मला कोमट पाण्यात धुतात. दात घासायच्या जुन्या ब्रशने कडा साफ करतात, खिडकीत वाळवतात आणि कानाशी धरून हलवतात. गोळी खुळखुळली की मगच चहा. घरात सून हसून म्हणायची, "बाबांचं पहिलं नातवंड म्हणजे ती शिट्टी!"

दुसरं नातवंड खरंखुरं होतं. नात मैदानात खेळायला गेली की मेजर गच्चीवरून मला दोनदा आखूड वाजवत. खेळ कितीही रंगात असो, ती डाव अर्धा टाकून धावत येई. जिन्यावर तिची पावलं वाजली की मला वाटे, आता आपलं भलं झालं. लांब शिट्टी मात्र त्यांनी पुन्हा कधी वाजवली नाही.

नात एकोणीस वर्षांची झाली आणि सीमेवर पुन्हा कुरबुर सुरू झाली. न्हाव्याच्या दुकानात तर दाढीचा फेस वाळायच्या आत माणसं दोन देश जिंकू लागली. मी मेजरांच्या खिशात सगळं ऐकत होते.

"एकदाच काय ते ठोकून काढायला हवं! काय मेजर?" एक जण म्हणाला.

"तुमच्या घरातून कोण जातंय?" मेजरांनी विचारलं.

त्याने समोरचं वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं.

त्याच आठवड्यात कळलं, आमच्या घरातून कोण जातंय ते. नातीने स्वेच्छेने सैन्यात जायला नाव दिलं होतं. सुनेच्या हातातली परात खाली पडली. "बाबा, तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकेल ती."

"कुठल्या तोंडाने सांगू?" मेजर म्हणाले. "मीही गेलोच होतो की."

"आजोबा, तुम्हाला भीती वाटली नव्हती का?" नातीने विचारलं.

"अजून वाटते," ते म्हणाले आणि मला धुवायला उठले. तेव्हा धुवायची वेळही नव्हती.

नगराध्यक्षांनी समारंभ ठरवला. जुन्या सैनिकाने एक लांब शिट्टी वाजवायची, मग मुलामुलींनी रांगेने टेबलाशी जाऊन सही करायची आणि बसमध्ये चढायचं. टाळ्या, हार, फोटो. मी मेजरांच्या मुठीत होते. लांब वाजले तर नात जाईल. न वाजले तर पुन्हा तोच चिखल.

रांगेत नात तिसरी होती. नगराध्यक्षांनी खूण केली. मेजरांनी मला ओठांशी नेलं. गोळी अडकू नये एवढंच मी मनात घोकत होते.

मी वाजले. दोनदा. आखूड.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नगराध्यक्ष कानाशी वाकले, "मेजर, लांब हो, लांब!" मेजर हलले नाहीत. शेवटी बँडवाल्यांनीच सुरुवात केली आणि रांग पुढे निघाली. आमचा नियम त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हता. थांबली फक्त एक जण. तिचा एक पाय पुढे होता आणि मान गच्चीकडे बघावं तशी वर झाली होती. मग ती रांगेतून बाहेर पडली.

आम्ही घरी परतल्यावर जिन्यावर तिची पावलं वाजली, पण धावत नव्हे. "आज तुम्ही बोलावलंत म्हणून आले," ती म्हणाली. "उद्या दुसरी बस आहे, आजोबा. उद्या मला बोलावू नका." तिने मला त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतःच धुऊन खिडकीत ठेवलं.

मित्रांनो, मी आता इथे वाळते आहे आणि मला फार भीती वाटते आहे. पुढे धाडणाऱ्या शिट्ट्या जगात पुष्कळ आहेत, त्या न धुताही वाजतात. तुमच्या घरात परत बोलावणारी एखादी असेल, तर तिला रोज धुवा आणि कानाशी धरून हलवून पाहा. आणि तिचा आवाज जिला ओळखू येतो, तिला कधीतरी सांगा की आत ये, जेवण वाढलंय.

गोळी अजून ओली आहे. सकाळपर्यंत वाळायला हवी.