क्लचचं पेडल

तिचे वडील बसचे ड्रायव्हर. सव्वीस वर्षं शहरातल्या गर्दीत क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. जिना चढताना ते कठडा धरायचे आणि कुणी बघितलंच तर म्हणायचे, "कठडा पक्का आहे का बघतोय."

मेकॅनिकलच्या एम.टेक.ला सगळ्यांना इंजिनाचं वेड. हिने प्रबंधाला विषय घेतला क्लचच्या पेडलचा. मुलं हसली, तिने कानाडोळा केला. वर्षभर खपून तिने निम्म्या जोराने दाबलं जाणारं पेडल बनवलं. आकडे छान आले, सरांनी पाठ थोपटली.

मग तिने वडिलांना प्रयोगशाळेत बोलावलं. सुट्टी असूनही ते इस्त्रीचा गणवेश घालून आले. लोखंडी सांगाड्यावर बसवलेल्या सीटवर बसून त्यांनी पेडल पाच-सहा वेळा दाबलं, सोडलं आणि ते आपल्या पायाकडे बघत बसले.

"बोला ना बाबा. हलकं झालंय ना?"

"लोण्यासारखं."

"मग?"

"बाळा, पेडल सोडताना एक जागा येते, तिथे क्लच पकडतो. ती पायाला कळते. इथे कळतच नाही गं. चढावर भरलेली बस मागे जाईल."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. वडील ओशाळले. शेजारी उभ्या असलेल्या सरांना म्हणाले, "मी आपला अडाणी माणूस, साहेब. मनावर घेऊ नका."

"घेणारच," म्हणत सरांनी स्टूल ओढलं. "ती जागा नेमकी कुठे येते, दाखवा बघू."

दोन दिवस तिने प्रबंधाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वहीच घेऊन बाबांसमोर बसली. पुढे सहा महिने गेले. नवं पेडल थोडं जड होतं, पण त्या जागी पायाला बारीकसा अडसर लागायचा. बाबांनी दाबलं, हळूच सोडलं आणि हसले. "हां! आता बोलतंय."

बस बनवणाऱ्या कारखान्यात मुलाखतीला साहेबांनी विचारलं, "इंजिन सोडून ड्रायव्हरच्या केबिनवर काम का करायचंय?"

"इंजिनाकडे बघायला पुष्कळ जण आहेत, सर," ती म्हणाली. "मला पेडल दाबणाऱ्या माणसाकडे बघायचंय."

नोकरी लागली. बाबांनी डेपोभर सांगितलं, "पोरगी पेडलात लागली!" आईने विचारलं, "म्हणजे नक्की काय करते हो ती?"

"ते तिलाच विचार. मला फक्त चुका काढायला बोलावते."