दुसऱ्याच्या मापाचा सूट

लोटन कोळ्यानं विहिरीत बुडी मारून काढली नाही अशी वस्तू चोपडा तालुक्यात नव्हती. पंपाचे फुटव्हॉल्व्ह, तांब्याच्या घागरी, एकदा तर आख्खं इंजिन. वर्षातून एकदोन वेळा माणूसही काढावा लागे. लोक त्याला न्यायला बैलगाडी पाठवत, पुढंपुढं मोटारसायकल पाठवायला लागले. बावन्न वर्षांचा झाला तरी दोन मिनिटांच्या आसपास तो पाण्याखाली राही.

त्याच्या हाताखाली एकच माणूस तयार झाला होता, पुना. पुनाला त्यानं तापीच्या डोहात दम धरायला शिकवला, कान कसे मोकळे करायचे ते शिकवलं. मग पुना मुंबईला गेला आणि गोदीत बुडी मारणाऱ्या एका कंपनीत लागला. नऊ वर्षं तो फक्त लग्नकार्यापुरता येई. लोक विचारत, तेव्हा लोटन म्हणे, "मनाच हातखाले शिकना तो." आणि ते म्हणताना त्याला बरं वाटे.

एक्याण्णवच्या जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणाचा कालव्याकडचा दरवाजा अडकला. थंडीची लाट आली होती, केळीची पानं काळी पडायला लागली होती. थंडीत केळीला पाणी देत राहिलं तर जमिनीत ऊब राहते, हे तिथं सगळ्यांना माहीत. पण कालवा कोरडा. केळीवाले धरणावर येऊन बसले. धरणाच्या साहेबांनी लोटनला बोलावलं.

लोटननं अंगाला तिळाचं तेल चोळलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि दगड हातात धरून तो तीस फूट खाली गेला. पहिल्या बुडीत दरवाजा हाताला लागला. दुसऱ्या बुडीत कळलं की दरवाजा ज्यात सरकतो त्या डाव्या खाचेत बाभळीचं खोड शिरून बसलंय. तिसऱ्या बुडीत त्याला साखळीचा आकडा खोडाला अडकवायचा होता. पण बोटं मिटेनात. हात आपला नाहीच असं वाटायला लागलं. वर आला तेव्हा दात इतके वाजत होते की साहेबांनी काय विचारलं याचं उत्तरही त्याला देता येईना. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या शेकोटीपाशी तो तासभर बसून राहिला.

"राहू द्या आता," साहेब म्हणाले. "मी मुंबईला फोन केलाय. तुमचाच पुना येतोय."

खोडाचं सांगायला लोटननं तोंड उघडलं होतं. ते त्यानं मिटलं.

पुना दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून उतरला. दोन सिलिंडर, शिशाच्या वड्यांचा पट्टा, आणि एका पिशवीत काळा रबरी सूट. तो आधी लोटनच्या पाया पडला. केळीवाले भोवती जमले. काल हेच लोक लोटनच्या शेकोटीत काटक्या घालत होते.

"नाना, खाले काय लागनं तुमना हातले?" पुनानं विचारलं.

"काही नही. नुसता गाळ शे."

पुनानं मान हलवली आणि सूट चढवायला लागला. चढवताना त्याला दम लागत होता, इतका तो घट्ट होता. चौकीदार तोताराम म्हणाला, याच्यात पाणी शिरत नाही का?

"शिरस ना," पुना म्हणाला. "आतमा पानी जास, पन तठेच ऱ्हास. आंगना गरमीवर तपस. म्हनीसन घट्ट पाहिजे. सैल ऱ्हायना तं नवं थंड पानी येत ऱ्हास."

लोटननं ऐकलं आणि मनात म्हटलं, शहरातली बोलणी.

पुना पस्तीस मिनिटं खाली होता. तेवढा वेळ लोटन भिंतीवर उभा राहून वर येणारे बुडबुडे मोजत होता. त्याला काय हवं होतं ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. पुना बुडावा असं काही त्याला वाटत नव्हतं. त्यानं रिकाम्या हातानं वर यावं, दहा लोकांसमोर मान हलवावी, एवढंच.

तसंच झालं. पुना वर आला आणि म्हणाला, गढूळ पाण्यात काही दिसत नाही, दरवाजाचा नकाशा बघावा लागेल. ओठ त्याचेही निळे पडले होते, पण बोलणं स्वच्छ होतं. दात वाजत नव्हते. लोटनचा डोळा तिथंच अडकला. म्हणजे सगळी करामत या रबराची. दम तर आपल्याही छातीत आहे. सिलिंडरशिवाय दोन मिनिटं आपण राहतो, पुना राहून दाखवेल का? थंडी तेवढी आडवी येते. ती नसती, तर कालच दरवाजा उघडला असता आणि जीप मुंबईहून आलीच नसती.

पुना सूट कठड्यावर टाकून साहेबांबरोबर ऑफिसात गेला. केळीवाले भाकरी खायला झाडाखाली बसले. लोटननं सूट उचलला आणि पंपघराच्या मागं जाऊन घातला.

पुना रुंद छातीचा, लोटन शिडशिडीत. पाठीवर, काखेत, मांड्यांवर रबराच्या घड्या पडल्या. पण काठावर उन्हात उभं राहिल्यावर अंग लगेच उबदार झालं. बरोबर, म्हणजे खरं आहे तर, असं त्याला वाटलं. पाण्यात उतरला तर सूट त्याला खाली जाऊ देईना. दोनदा बुडी मारली, दोनदा तो भोपळ्यासारखा वर आला. पुनाचा शिशाचा पट्टा ऑफिसात होता. दगड हातात धरला तर काम कशानं करणार? त्यानं एक मोठा धोंडा सुंभानं कमरेला बांधला, साखळीचा आकडा घेतला आणि खाली गेला.

पहिल्या दहा फुटांतच गळ्यापाशी पाणी शिरलं आणि पाठीवरून सरसरत घोट्यापर्यंत गेलं. हात हलवला की काखेतून नवं पाणी आत, पाय हलवला की कमरेतून. उघड्या अंगावर निदान तेल होतं. इथं कुणीतरी आतून थंड घागरी ओतत असल्यासारखं होत होतं. तरी तो खाचेपर्यंत पोचला, खोड हाताला लागलं. आकडा लावला, तो निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. दम संपत आला तेव्हा त्यानं कमरेची गाठ सोडायला हात नेला. एका झटक्यात सुटणारी सरकगाठ होती. पण जाड रबरावर, बधिर बोटांना तिचं टोक सापडेना. त्यानं दोन्ही हातांनी सुंभ ओरबाडलं. डोक्यात ठोके पडायला लागले.

मग कुणीतरी त्याचं मनगट धरलं. कमरेपाशी काहीतरी घासलं, धोंडा सुटला आणि सूटनंच त्याला वर फेकलं.

लोटनला लोकांनी ओढून काठावर घेतलं. उलटी झाली, मग श्वास सुरू झाला. त्याच्यामागून पुना वर आला. अंगात फक्त चड्डी, हातात सुरी. लोटनला कमरेला धोंडा बांधताना पाहून तोतारामनं पळत जाऊन सांगितल्यावर तो नकाशा टाकून तसाच धावला होता. सिलिंडर नाही, सूट नाही.

"माले काबर नही मांगा, नाना?" एवढंच तो म्हणाला. पुढचं त्याला बोलता येईना. सकाळच्या बुडीनं अंगातली ऊब आधीच गेली होती, आता सगळं अंग उडत होतं. तोतारामनं बाटली काढली.

"दारू नको दिऊ त्याले," लोटन म्हणाला. "वरथून गरम लागस, आतली गरमी निंघी जास. गूळनं पानी तपाड."

सूट ओढून काढत तो स्वतःही थरथरत होता. पुनाला त्यानं पंपघरात नेलं, वाऱ्याच्या आडोशाला. ओली चड्डी काढायला लावली, डोकं कोरडं पुसलं, त्याला घोंगडीत घेतलं आणि स्वतः त्याच्या पाठीला छाती लावून बसला. दोघांच्या अंगावर एकच घोंगडी. पुनाच्या अंगाचे झटके त्याच्या बरगड्यांना लागत होते.

पुना उघड्या अंगानं त्याला शोधत तीस फूट खाली आला होता. एका दमात. गढूळ पाण्यात त्यानं सुंभ कापलं होतं. लोटनला वाटत होतं, रबर काढून घेतलं की पुनाकडं काही उरणार नाही. तसं नव्हतं. हे कळलं, तेव्हा उपकार वाटण्याआधी ते त्याला बोचलं.

गुळाचं पाणी आलं. अर्ध्या तासानं पुनाचं अंग शांत झालं.

"खोड शे तठे," लोटन त्याच्या मानेमागून म्हणाला. "डावी खाचमा. कालच माले लागनं व्हतं. मी सांगं नही."

पुनानं विचारलं, "बाभूळनं का?"

"हा."

दुसऱ्या दिवशी पुना सूट घालून उतरला आणि वीस मिनिटांत आकडा लावून आला. ट्रॅक्टरनं साखळी ओढली, खोड निघालं, संध्याकाळपर्यंत कालव्यात पाणी धावायला लागलं. केळीवाल्यांनी पुनाच्या गळ्यात हार घातला. पुना साहेबांना म्हणाला, "जागा नानांनीच दाखवली." आदल्या दिवशीचं काहीच त्यानं सांगितलं नाही. लोटनला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. एवढं मोठं मनही त्याच्याचकडं असावं?

घरी आल्यावर तो जेवला नाही. त्याच्या बायकोनं, भागाबाईनं, दोनदा ताट वाढू का विचारलं. तिला धरणावरचं कुणाकडून तरी कळलंच होतं.

"काय व्हयनं?" ती म्हणाली.

"त्यानं चांगलं व्हयनं तं माले सहन व्हत नही," लोटन म्हणाला. "त्यानी मना जीव वाचाडा, तरी."

भागाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी उलटली.

"नही व्हत तं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पन जेवाले तं बलावा. तो एकला शे धरणवर. सकाय जाई ऱ्हायना."

लोटन उठला, मफलर कानाला गुंडाळली आणि पुनाला बोलवायला धरणाच्या वाटेला लागला. मन अजून आंबटच होतं. दोनदा वाटेत थांबला. परत फिरला नाही.