गाठोडं उचलणार नाही

"पानी पे ना वं, सत्यभामा. उनानं ओठ फाटून राह्यले तुहे," मी म्हटलं.

"नाही पेत. पेली का खोकल्यासंगं लुगडं ओलं होते."

आम्ही दोघी एकाच ओळीत कापूस येचत होतो. दुसऱ्या बाळंतपणानंतर आंग भरून याच्या आधीच ती वावरात आली अन् डोक्यावर गाठोडी वाहू लागली. तवापासून तिले हे लागलं. खोकली, हासली, काही उचललं का लघवीचा थेंब गळे. सासूले, रुखमाबाईले सांगतलं तं ती म्हणे, "बाईच्या जातीले हे असतेच. झाकली मूठ सव्वा लाखाची." गावातल्या बाया म्हणत, "पिशवी काढून टाक, कटकट मिटते."

"माही पिशवी काय फाटकी थैली हाय, फेकून द्याले?" सत्यभामा म्हणे.

तिच्या नवऱ्यानं, भीमराजनं, दिग्रसच्या उर्वशी मॅडमचं नाव ऐकलं होतं. व्यायामानं दुखणे बरे करतेत म्हणे. एक दिवस आम्ही दोघी यष्टीत बसलो. मॅडमनं दार लावून नीट तपासलं.

"ताई, खालचे स्नायू ढिले पडलेत. लघवी अडवताना आवळतो तसे आत ओढा, थोडं थांबा, मग पूर्ण सोडा. श्वास रोखू नका. रोज करा, काही महिने लागतील. आणि डोक्यावर ओझं अजिबात नको."

मंग सत्यभामा ओसरीवर सतरंजी टाकून, गुडघे उभे करून निजे. रुखमाबाई दारातून ओरडे, "भर दुपारी लोळून कोनती बिमारी जाते वं?"

"पाहाजा आत्याबाई, जाते का नाही ते."

थंडी पडली, शेवटची येचणी आली. रुखमाबाईबी आमच्यासंगं येचाले होती. आता सत्यभामा वावरात गटागटा पानी पे, खळखळून हासे.

त्या दिवशी सांजच्याले वावराचा मालक रामसिंग धुऱ्यावर येऊन म्हणे, "गाडी रोडवर उभी हाय. गाठोडे नेऊन टाका, बायाहो."

"मी येचाले आली, वाहाले नाही," सत्यभामा म्हणे. "बैलबंडी आना."

"बाकीच्या नेतेत ना? तुलेच काय सोनं लागलं?"

"मले ओझं मना हाय."

"मंग उद्यापासून येऊ नको."

"नाही येत. पन आज उचलतबी नाही."

मले वाटलं, आता सासू सुनेवर तुटून पडते. रुखमाबाईच्या डोक्यावर गाठोडं चढलेलं होतं. तिनं ते धप्पकन खाली टाकलं.

"रामसिंगभाऊ, माहं आंग बाहेर येते."

"काय बोलता बाई! मानसं उभे हायत."

"उभे राहू दे. तुह्या बापापासून या वावरात ओझे वाहून राह्यली मी. फडकं बांधून वाह्यले. उठताना हातानं आत ढकलते, मंग चालते. अजून सांगू?"

रामसिंगची मान खाली गेली. एकेक बाई आपापल्या गाठोड्यावर बसली. मीबी बसली. तो बंडी जुंपाले निंघाला.

रुखमाबाईनं मांगून हाक देल्ली, "अन् उद्या आमची वाट नको पाहू! मी सुनेसंगं दिग्रसले चालली!"