रिकामी खोली

खेळाडू यायला आठ दिवस उरले होते आणि शहराच्या अंगात नुसतं आलं होतं. विमानतळापासून मैदानापर्यंत जिकडे बघावं तिकडे परांच्या, शिड्या, रंगाचे डबे. घरं रंगवायची ती फक्त रस्त्याकडची बाजू, तीही बसच्या खिडकीतून दिसेल तेवढीच. मागच्या भिंतीचे पोपडे पडोत नाहीतर भिंतच पडो, कोण विचारतंय! पालिकेचे साहेब रोज रिकाम्या बसमध्ये बसून भिंती तपासत जायचे.

पेंटर मोठा हुन्नरी. त्याच्या हातात कला होती, आणि ती आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. वळणावरची सगळ्यात रुंद भिंत त्याच्या वाट्याला आली, ती नेमकी त्याच्या थोरल्या बहिणीच्या घराची. या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा खिडक्या चितारायच्या, पडदे, कुंड्या, उन्हाची तिरीप, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. आडवी येत होती ती तिथली एकुलती एक खरी खिडकी.

त्या खिडकीशी भाऊजींची खाट होती. जन्मभर बस चालवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी डावं अंग गेलं आणि रस्ता बघत पडून राहणं तेवढं उरलं.

"पेंटर, खेळाडूंची बस इथूनच वळणार बरं का," ते रोज सांगायचे. "ड्रायव्हर कसा वळवतो ते बघायचंय मला. एवढी मोठी गाडी, एका दमात वळली पाहिजे."

नियम साधा होता. खोलीत माणूस राहत असेल तर खिडकीला नवा पडदा. खोली रिकामी असेल तर फळी ठोकून वर रंग.

साहेबांनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "ही खोली?"

"रिकामी आहे साहेब," पेंटर बोलून गेला.

बोलून गेला कसला! चांगला विचार करून बोलला मेला. पडदा लावला असता तर त्याच्या सहा खिडक्यांच्या मधोमध एक आजारी चेहरा डोकावत राहिला असता ना!

ताईला त्याने सांगितलं, "वरून हुकूम आहे गं. माझ्या हातात काही नाही."

"मग ठोक बाबा," ताई म्हणाली. "आमच्यापायी तुझ्या पोटावर पाय नको यायला."

फळी बसली आणि भाऊजींचा रस्ता गेला. भर दुपारी त्यांच्या खोलीत दिवा लावावा लागला.

भिंत मात्र अशी काही उतरली की येणारेजाणारे थबकून बघायला लागले. साहेब तर बस थांबवून खाली उतरले.

"वा रे पठ्ठ्या! खरी खिडकी कुठे होती तेसुद्धा कळत नाही. नशीब, खोली रिकामी असल्याचं तू सांगितलंस. माणूस असता तर पडदा लावून गप्प बसावं लागलं असतं."

ताई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने ते सगळं ऐकलं आणि भावाकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, आणि पेंटरला वाटलं, धरणी पोटात घेईल तर सुटेन.

तेवढ्यात फळीआडून खोकल्याची उबळ आली.

साहेबांनी कान टवकारले. "आत कोण आहे?"

खरं सांगावं तर काम हातचं जाणार, आणि पुन्हा खोटं बोलावं तर समोर ताई. पेंटर मान खाली घालून ब्रश पुसत राहिला.

"कोणी नाही साहेब," ताई म्हणाली. "खोली रिकामीच आहे."

खोकला मधेच तुटला. साहेबांनी निवांत चहा घेतला, आणखी दोनदा वाहवा केली आणि बस पुढे गेली. तोवर आतून चकार आवाज आला नाही.

पेंटर आत धावला. भाऊजींनी धडधाकट उजव्या हाताने चादरीचा बोळा तोंडात कोंबला होता. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मेहुण्याला बघून त्यांनी बोळा जरासा बाजूला केला.

"गेले का साहेब?" त्यांनी हळूच विचारलं.