झुंबरबाईचा आहेर

मुलांनो, डोळे मिटा आणि कुसगावातला लग्नाचा मांडव समोर आणा. अक्षता पडल्या आहेत, पंगती बसल्या आहेत आणि कैलासभाऊ माइकवरून आहेर पुकारत आहेत. कुणी किती दिलं ते सगळ्या मांडवाला ऐकवायची आपल्याकडे रीतच आहे. आता चौथीतली समीक्षा बघा. तिच्या हातात एक प्लास्टिकचा डबा आहे आणि आजीनं शिकवलेली दोन वाक्यं तिला पाठ आहेत.

डबा आजीच्या टपरीवरचा. ही आजी, झुंबरबाई, लोहगडवाडीत गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी आणि ताक विकायची. गिऱ्हाईकानं फोनवरून पैसे भरले, की डबा रक्कम मोठ्यानं बोलायचा. समोरच्या टपरीवरची रेणुका ते ऐकून आजीची कमाई वाडीभर सांगत फिरायची. आजी हसायची, पण समीक्षाला त्या बाईचा राग यायचा.

मग आजीच्या बहिणीचा मुलगा पवन आला. फोनवर दिसतं पण हातात येत नाही, असं आभासी नाणं तो विकायचा. आपल्या खात्यात मोठी रक्कम आली तर सरकारला दिसेल, म्हणून त्याला मावशीचं खातं हवं होतं. मावशीनं नाही म्हटलं नाही. एका दुपारी टपरीत कुत्र्याशिवाय कुणी नसताना चाळीस हजार मिळाल्याचं डबा ओरडला. आजीनं ते काढून पवनच्या हातात ठेवले.

ज्यानं नाणी घेतली, त्यानं ते पैसे कुणाला तरी फसवून आणले होते. आजीचं खातं गोठवलं गेलं, पैसे येणं-जाणं बंद झालं. बँकेतल्या अरुंधतीबाईंनी समजावलं, की खात्यांवर नजर ठेवणाऱ्या यंत्राला संशय आला आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचा हुकूम आला. पैसे आपले होते असं पवननं लिहून दिलं, तरच काही हालचाल होईल.

"त्या मशीनला माजं ताक दिसलं," आजी म्हणाली, "आन् पवन न्हाई दिसला?"

पवननं फोन उचलणं सोडलं. रोख पैसे नसलेली गिऱ्हाईकं पुढच्या टपरीकडे जाऊ लागली. शेवटी आजीनं चूल विझवली. पवनच्या लग्नाची तारीख कळली तेव्हा तिनं डबा पदरानं पुसला आणि माइकवरून काय सांगायचं ते समीक्षाकडून पाठ करून घेतलं.

"मशीनला लाज न्हाई. पवनला हाय. भर मांडवात काढते त्याची."

"लोहगडवाडीच्या झुंबरबाई, नवरदेवाच्या मावशी," कैलासभाऊंनी पुकारलं आणि माइक समीक्षाच्या हातात दिला. डबा ओळखून पवनचा चेहरा उतरला. शेजारी नवरी, रुपाली, पोरीकडे बघून हसत होती. आजी खुर्चीतून अर्धी उठली.

समीक्षानं रुपालीकडे पाहिलं. तिला वाडीभर फिरणारी रेणुका आठवली. तिनं माइकचं बटण बंद केलं, डबा पवनच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या कानाशी वाकली.

"काका, उद्या आजीसंगं बँकेत चला. न्हाई आलात, तर परवा तुमच्या सत्यनारायणाच्या पूजेलाबी माइक हायेच."

पवननं मान डोलावली. समीक्षा स्टेजवरून खाली आली आणि आजीशेजारी बसली. कैलासभाऊ माइकसाठी हात पुढे करून उभे राहिले. तिनं दिला नाही. माइक मांडीत घेऊन, अंगठा बटणावर ठेवून, ती पवनकडे बघत राहिली.